फोन उचलू नये

९ मार्च

यंदाही मला अमेरिकाच दिली. दहा-बारा वर्षं झाली, आमच्या संस्थेच्या युद्धसरावात मी अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष होतो आणि दर वर्षी हरतो. हरायचंच असतं. खालच्या मजल्यावरची निळी खोली म्हणजे अमेरिका, वरची लाल खोली म्हणजे आपण, चीन. पंच एक संकट वाटून देतात, दोन्ही खोल्या डाव टाकतात, आणि तिसऱ्या दिवशी जेवणाच्या आधी निळ्याने माघार घ्यायची, म्हणजे सगळ्यांना गरम गरम जेवता येतं. बेइजिंगमध्ये महायुद्ध हे असं टळतं.

लाल खोलीचे सर्वोच्च नेते अर्थातच संचालक लुओ. हा लुओ माझ्याहून सहा वर्षांनी लहान. संस्थेत लागला तेव्हा माझा गरम पाण्याचा थर्मास भरून आणायचा. आता मी त्याला 'संचालक साहेब' म्हणतो आणि तो 'काय लाओ तान!', म्हणजे 'काय म्हाताऱ्या तान!', म्हणून माझ्या खांद्यावर हात टाकतो. हात जड आहे मेल्याचा.

दोन्ही खोल्यांमध्ये यंदा एक फोन बसवलाय. संकटात दोन्ही राजधान्यांनी थेट बोलावं म्हणून खराखुरा असतो, तसा. लाल बाजूला फोनवर शाओ वेनला बसवणार. तिशीची पोर, मुलगा अजून बालवाडीत. हुशार आहे, पण घाबरट. काही विचारलं की आधी दाराकडे बघते, मग बोलते.

संध्याकाळी पोराचा, कुनचा फोन. त्याचं गस्ती जहाज परत दक्षिणेला त्या खडकाकडे निघालं. बेटसुद्धा म्हणवत नाही त्याला, भरतीला बुडतो, पण चार देशांना हवाय. कुन सुकाणूच्या खोलीत रेडिओवर असतो. परदेशी जहाज जवळ आलं की त्याच्याशी इंग्रजीत बोलायचं काम त्याचं. ते इंग्रजी मी शिकवलंय, कान पिळून पिळून. युनशियाने फोन हिसकावून नेहमीचं विचारलं, जेवलास का, गरम कपडे आहेत का. तिकडे बाराही महिने घाम निघतो, हे बायकोला सांगून सांगून दमलो.

११ मार्च

रात्रीचा एक वाजलाय. पण लिहितोच.

आज युद्ध झालं. खेळातलं, पण झालं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

पंचांनी सकाळी संकट दिलं ते असं: खडकापाशी धुक्यात दोन गस्ती जहाजं घासली. आमचा, म्हणजे अमेरिकेचा, एक खलाशी पाण्यात. चूक कुणाची, कुणालाच माहीत नाही. मग जेवणाची सुट्टी झाली, पण पंच म्हणाले की खेळाचं घड्याळ थांबणार नाही. मी कोबी आणि डुकराचं मटण कसंबसं गिळून खाली आलो आणि फोन उचलला. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालो तरी मी सरळ माणूस आहे. म्हटलं, विचारू या, आमचा माणूस तुम्ही उचललात का, आणि दोघंही जरा मागे सरकू या.

वाजला. वाजत राहिला. छतातून मला ऐकू येत होता. माझ्याशेजारी नौदलातले एक निवृत्त अधिकारी बसले होते, आमच्या बाजूचे सेनापती. ते म्हणाले, "उचलत नाहीत म्हणजे तयारी चाललीय. वेळ काढतायत." मी म्हटलं, थांबा. परत लावला. परत वाजला. आणि मग एकाएकी वरचा आवाज अगदी बारीक झाला. मला वाटलं, उचलला! मी 'हॅलो, हॅलो' ओरडतोय, आणि पलीकडे नुसतीच घंटी चालू.

मला खरोखर घाम फुटला. खेळ आहे हे विसरलोच. आधी वाटलं, जहाजं मागे घ्यावीत, मरू दे तो खडक. मग वाटलं, आपण मागे गेलो आणि ते पुढे आले तर? त्याच भीतीने मी दोन जहाजं पुढे सरकवली. अडीचच्या सुमारास लाल खोली जागी झाली, त्यांनी बघितलं अमेरिका पुढे आलीय, आणि क्षेपणास्त्र सोडलं. चहाच्या वेळेपर्यंत दोन्हीकडचे चौदा-पंधराशे मेले. पंचांनी चष्मा काढून ठेवला. पुढे काय करायचं ते त्यांच्याकडच्या नियमांत नव्हतं.

मी तरातरा वर गेलो. आत काय बघावं? लुओच्या केबिनचं दार अर्धवट लोटलेलं, घडीची खाट, त्यावर डोळ्यांची पट्टी पडलेली. साहेबांची वामकुक्षी अडीचपर्यंत चालली होती. आणि फोनवर उशी. अजून तशीच. साहेबांची झोप मोडू नये म्हणून कुणीतरी घंटीवर उशी दाबून ठेवली होती!

शाओ वेन फोनसमोर हात मांडीवर ठेवून बसलेली.

"उचलला का नाहीस?"

"उचलून काय बोलू सर? काय बोलायचं ते ठरलं नव्हतं."

"निदान 'थांबा' म्हणायचंस!"

"थांबा म्हणायचं की नाही, तेही ठरावं लागतं ना सर."

"मग त्यांना उठवायचं!"

ती दाराकडे बघायला लागली. खोलीतले आठ जण आपापल्या चहाच्या पेल्यात बघायला लागले. साहेबांना झोपेतून कोण उठवणार, हा प्रश्न आठही डोक्यांत होता आणि आठही डोकी डॉक्टरेट झालेली.

१२ मार्च

आज मी खूश आहे. लिहायला लाज वाटते, पण आहे. दर वर्षी आमच्या अहवालात तेच ते तीन मुद्दे असतात, की आपण शांत, ते उद्धट, भविष्य उज्ज्वल. यंदा पहिल्यांदा काहीतरी खरं हाताला लागलंय. युद्ध कुणालाच नको असतं. पण प्रत्येकाला वाटतं, समोरच्याला ते आपल्याहून जास्त नकोय, म्हणून तोच आधी हटेल. अशा वेळी कुणीतरी फोन उचलून दोन शब्द बोलायला हवेत. बस. एवढंच वरपर्यंत पोचवायचंय. जो कुणी फोनसमोर असेल त्याला, झोप मोडायची, बोलायची परवानगी आधीच देऊन ठेवा. अख्खं एक वाक्यही नाही हे.

आणि हे मी देशासाठी वगैरे करत नाहीये. माझा पोरगा त्या खडकापाशी रेडिओवर बसतो. त्याच्यावरून राजधानीत कधी फोन वाजला, तर तो कुणीतरी उचलावा, एवढंच हवंय मला.

दुपारी शाओ वेन जबाब घ्यायला आली. 'फोन वाजत असताना काय वाटलं?' मी सगळं सांगितलं. भीती वाटली, आधी माघार घ्यावीशी वाटली, मग त्याच भीतीने पुढे सरकलो. तिचं पेन थांबलं.

"सर, ते माघारीचं लिहू? गाळलं तरी चालेल."

"का म्हणून गाळायचं?"

"नाही... कुणी वेगळ्या अर्थाने वाचेल."

"शब्दन् शब्द लिही," मी म्हटलं. "माणूस खरं बोलायला लागला की तुम्हा नव्या पोरांच्या पोटात गोळा येतो."

"मग दुसरं वाक्य आधी लिहू का सर? पुढे सरकलो ते?"

"जसं बोललो तसंच. मी तुझ्यासारखा भाषा सजवणारा नाही."

"बरं सर," म्हणाली आणि लिहून घेतलं. भित्री आहे अगदी.

१७ मार्च

सरकारी हिटर बंद झाले. बाहेर वसंत म्हणे. घरात आम्ही दोघं रजया पांघरून बातम्या बघतो.

आज प्रांतातून आलेल्या अधिकाऱ्यांसमोर भाषण. दर भाषणाला एक जण उठतोच, आजही उठला. "प्राध्यापक तान, अमेरिकेशी युद्धाची शक्यता टक्क्यांत किती?" पाच म्हटलं की हे लोक चहा पाजतात. तीस म्हटलं की नाव लिहून घेतात. मी म्हटलं पाच.

४ एप्रिल

लुओने बोलावलं. स्वतः उठून चहा ओतला. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं, पण चहा उत्तम होता.

"लाओ तान, ते उशीचं मात्र लिहू नकोस हं. लोक हसतील."

"उशी गेली तरी चालेल," मी म्हटलं, "फोन राहिला पाहिजे. नाहीतर मी सही करणार नाही."

इतकं ठणकावून मी त्याच्याशी आयुष्यात बोललो नव्हतो. तो चक्क हसला. "अरे, फोन तर राहणारच! फोन हाच तर यंदाचा मुद्दा. शब्द देतो तुला. फक्त भाषा जरा सकारात्मक करू."

"करा की."

"आणि तुझ्या त्या बढतीचंही बघतो. साठी यायच्या आत झालीच पाहिजे यार, इतकी वर्षं मार खातोयस."

घरी येऊन युनशियाला म्हटलं, जिंकलो. ती दाराच्या खुंटीला पिशवी लावत होती. वळलीसुद्धा नाही. म्हणाली, "लुओने काही दिलं ना, तर आधी आपले खिसे तपास." तीस वर्षं हिला माझं काही चांगलं झालेलं दिसतच नाही.

२२ एप्रिल

शाओ वेन सायकलींपाशी थांबली होती. माझ्यासाठीच, हे उघड होतं. इकडे-तिकडे बघत म्हणाली, "सर, तुम्ही तुमचं टिपण वेगळं पाठवा ना. तुमच्या एकट्याच्या सहीने, सरळ वर. संस्थेच्या अहवालाबरोबर नको."

मी विचारलं, का?

"म्हणजे... तुमचंच राहील."

न समजण्याइतका मी खुळा नाही. संचालकांना ओलांडून वर पाठवायचं, मग माझी मान अडकणार, आणि माझी खुर्ची रिकामी होणार. रांगेत पुढचं नाव कुणाचं? तिचंच. म्हटलं, "पोरी, मी या इमारतीत आलो तेव्हा तू पाळण्यात होतीस." ती लाल झाली आणि सायकल घेऊन गेली.

१० मे

पॉपलरच्या झाडांचा कापूस उडतोय. नाकात, चहात, टायपिस्टच्या केसांत, सगळीकडे. सगळं बेइजिंग शिंकतंय.

अहवालावर सही केली. मुख्य लेखक लुओ, दुसरा मी. सही करायचं पान तेवढं समोर ठेवलं. आतली पानं मागितली तर कारकून म्हणाला, "गोपनीय आहे, तुमच्या पातळीला नाही." म्हटलं, बाबा, लिहिलंय मी! तर म्हणे, हो, पण आता गोपनीय झालंय. मुखपृष्ठावर 'संकटकाळातील थेट संपर्क' असं छापलेलं दिसलं. फोन आहे म्हणजे. सही केली.

१९ जून

शेरा आला!

वरून, खूप वरून, अहवालावर हाताने लिहिलेला शेरा. 'महत्त्वाचे. अभ्यास करून अमलात आणावे.' आमच्या धंद्यात माणसं असा शेरा बघायला जगतात आणि न बघता मरतात. सकाळपासून इमारतीत लगीनघाई. कँटीनमध्ये सणाचे पानात बांधलेले भाताचे गोळे आले, खारे आणि गोड दोन्ही, आणि खारे चांगले की गोड यावरून दोन विभाग भांडले.

तीन वाजता सभा. लुओने निष्कर्ष वाचून दाखवला. तो आठवतो तसा लिहितो. 'संकटकाळात प्रतिपक्ष वारंवार संपर्क साधू पाहतो, तेव्हा तो दबावाखाली असतो. उत्तर न देणे हे दबाव वाढवण्याचे सर्वांत कमी खर्चाचे आणि परिणामकारक साधन आहे. अमेरिकेची भूमिका दीर्घकाळ करणाऱ्या ज्येष्ठ तज्ज्ञाने स्वतः नोंदवले आहे की, फोन उचलला जात नसताना त्याला जहाजे मागे घ्यावीशी वाटली.'

तिथे पूर्णविराम. पुढचं वाक्यच नाही. मी पुढे सरकवलेली जहाजं नाहीत, पंधराशे मेलेली माणसं नाहीत, पंचांचा चष्मा नाही. झोप काढली लुओने आणि तिचं धोरण झालं.

सगळे माझ्याकडे बघून टाळ्या वाजवायला लागले. मी उभा राहिलो. का राहिलो कोण जाणे. टाळ्या वाजल्या की माणूस उभा राहतो. मग लुओ म्हणाला, प्राध्यापक तान यांची प्रथम श्रेणीच्या संशोधकपदी बढती, आणि अजून टाळ्या. बोलायला तोंड उघडलं तर कुणीतरी हातात दारूचा पेला दिला.

सभेनंतर शाओ वेनला जिन्यात गाठलं. "माझं अर्धं वाक्य खाल्लंस ना?"

"मी दोन्ही दिली होती सर. वर जाऊन बोललेसुद्धा मी त्यासाठी."

"बोललीस! तू!" मला हसूच आलं.

ती वळली. पायऱ्या उतरून गेली.

२० जून

डोकं दुखतंय. शांतपणे विचार केला तर घाबरण्यासारखं काही नाही. असे शेकडो अहवाल निघतात, शेरे पडतात, कपाटात जातात. कागद आहे तो. कुन तिकडे कपाटात थोडाच बसलाय.

३ जुलै

शाओ वेनची बदली झाली. डोंगरातल्या कुठल्याशा तालुक्याला, दोन वर्षं, ग्रामविकासाच्या कामावर. पोराला सासूकडे ठेवून गेली म्हणे. निरोपाला कुणी फारसं गेलं नाही. मीही नाही गेलो, दात दुखत होता. तिचं बरंच झालं एका परीने. असं खेड्यात पाय मळवून आलेल्यांनाच पुढे वर चढवतात. परत येईल ती उपसंचालक होऊन, आणि आम्ही तिला थर्मास भरून देऊ. हुशार पोर.

२८ ऑगस्ट

महिनाभर भाषणांचा सपाटा. चिंगदाओ, वूहान, मग दक्षिणेत दोन ठिकाणी. विषय एकच, 'मौनाचे सामर्थ्य'. नाव लुओने दिलंय. मऊ गाद्यांची हॉटेलं, नदीचे मासे, आणि शेवटी लोक फोटो काढून घेतात. अख्ख्या आयुष्यात माझ्याबरोबर कुणी फोटो काढला नव्हता.

सुरुवातीला मी दुसरं वाक्यही सांगायचो, की त्याच भीतीने मी पुढे सरकलो. पण त्याने फाटे फुटतात, प्रश्न लांबतात, जेवणाला उशीर होतो. वूहानला एक जाडा माणूस म्हणाला, "मग नक्की काय म्हणायचंय तुम्हाला?" तेव्हापासून सांगत नाही. आणि खरं सांगू? भाषण जास्त रंगतं.

११ सप्टेंबर

वूहानहून एकाने चंद्राच्या सणाचे केक पाठवलेत, पत्र्याच्या सोनेरी डब्यात. कमळाच्या बियांचं सारण, आत खारवलेलं अंडं. युनशियाने डबा बघितला आणि उघडलाच नाही. म्हणाली, "तुझ्या भाषणाचं कुनला सांगितलंस का?"

"त्यात काय सांगायचंय?"

"नाही, तो रेडिओवर असतो ना, म्हणून."

"तुला त्यातलं काय कळतं?"

"मला नाहीच कळत," ती म्हणाली आणि डबा कपाटावर टाकला.

६ ऑक्टोबर

कुनचा फोन. आवाज चांगला वाटला. "बाबा, हल्ली माझं काम हलकं झालंय."

"का रे?"

"नवी सूचना आलीय. समोरून बोलावलं तर बोलायचंच नाही. ऐकायचं, वहीत टिपायचं, गप्प बसायचं."

मी म्हटलं, "बरं आहे की, घसा तरी बसणार नाही तुझा."

तो हसला. मीही हसलो. ती सूचना कुठून आली ते मी विचारलं नाही. त्याला तरी कुठे माहीत असणार? आणि समुद्रावरच्या सूचना काय, शंभर येतात. माझ्या अहवालात तर राजधान्यांमधल्या फोनचं होतं, जहाजांवरच्या रेडिओचा शब्दही नव्हता. तसं कुणी वाचलंच असेल तर तो वाचणाऱ्याचा मूर्खपणा. मी पुन्हा पुन्हा हेच घोळवतोय, तेव्हा आता पुरे.

१४ नोव्हेंबर

कुनचा फोन लागत नाही. जहाज लांब असलं की नाही लागत. युनशिया दर तासाला लावते. मी म्हटलं, उगाच त्याला त्रास. तर माझ्यावर असे डोळे वटारले की मी उठून खाली फिरायला गेलो.

१७ नोव्हेंबर

रविवार. सकाळी अकराच्या सुमारास युनशिया पीठ लाटत होती, मी सारण भरत होतो. फोन वाजला. कुन. बंदरावरच्या इस्पितळातून.

जिवंत आहे. आधी तेवढंच लिहितो. जिवंत आहे. डावा खांदा मोडलाय, डोक्याला टाके आहेत.

युनशियाने पिठाच्या हाताने स्पीकर लावला. तो हळूहळू बोलत होता, औषधाच्या गुंगीत असावा.

"बाबा, धुकं होतं. समोरचं जहाज बोलावत होतं. सारखं. त्यांचं सुकाणू अडकलं होतं बाबा, वळताच येत नव्हतं त्यांना. ते नुसतं सांगत होते की आम्हाला वळता येत नाही, तुम्ही बाजूला व्हा. मला समजत होतं. त्या खोलीत मला एकट्यालाच समजत होतं. मी कप्तानाला सांगितलं. ते म्हणाले, 'ही त्यांची चाल आहे. घाबरलेत म्हणून ओरडतायत. सूचना काय आहे? उत्तर द्यायचं नाही.' मी म्हटलं, साहेब, निदान आपण तरी वळू. तर म्हणाले, 'ते बोलावतायत म्हणजे तेच आधी हटणार. बेइजिंगच्या तज्ज्ञाने सिद्ध केलंय हे.' हेच शब्द, बाबा. आम्हाला वाचून दाखवलं होतं ते. मी बोलायचं बटण दाबायला गेलो तर त्यांनी माझा हात धरला."

युनशियाने विचारलं, "बाळा, बाकीची पोरं?"

"दोघं गेले आई. ते जहाज येऊन आदळलं तिथे, मागच्या बाजूला होते. त्यातला एक माझ्याच खोलीतला. काल त्याचा बाप आला होता गावाहून. मला विचारत होता, समोरचे लोक काय बोलत होते रे, तुला येतं ना त्यांचं? मी काय सांगू त्याला?"

हातात सारणाचा चमचा होता, तो मी तसाच धरून होतो.

मग कुन म्हणाला, "बाबा, कप्तान म्हणतात, तो अहवाल तुमच्याच संस्थेतून निघालाय. तुम्ही तिथे इतकी वर्षं आहात, तुम्हाला सगळे ओळखतात. तुमचं नाव कुठेही येऊ देणार नाही मी. फक्त एवढं शोधून द्या, तो माणूस कोण. मला त्याच्यासमोर जाऊन बसायचंय. त्या बापाला बरोबर घेऊन."

युनशिया माझ्याकडे बघत होती. हात कोपरापर्यंत पिठाने पांढरे. आवाज न करता, नुसत्या ओठांनी ती म्हणाली, "सांग."

"ऐकताय ना बाबा?"

"ऐकतोय," मी म्हटलं. "शोधतो बेटा. चार दिवस दे मला."